चौथा श्वास

माझी बायको उल्का आता जगत नाही हे मला कळलं, त्या दिवशी मी डब्लिनमधल्या टॅलाच्या हॉस्पिटलात लिफ्टच्या खड्ड्यात होतो. फेब्रुवारीतला मंगळवार होता. लिफ्टची देखभाल-दुरुस्ती हे माझं काम. खड्ड्यात उतरताना फोन वर हत्यारांच्या पेटीत ठेवायचा असा आमच्याकडे नियम आहे आणि मी तो कधी मोडलेला नाही. त्या दिवशी मोडला असता तरी काही फरक पडला नसता, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं.

वर आलो तेव्हा अकरा मिस्ड कॉल होते. सगळे निहारिकाचे. निहारिका म्हणजे उल्काच्या ऑफिसात तिच्या शेजारी बसणारी मुलगी, नागपूरची.

"दिलीपदादा, उल्काताई खुर्चीतून खाली पडली. ब्युमॉन्टला नेलंय. तुम्ही या. गाडी हळू चालवा, पण या."

ब्युमॉन्ट हॉस्पिटलात एक छोटी खोली आहे. तिथे सोफा आहे आणि टिश्यूचा बॉक्स आहे. त्या खोलीत नेऊन बसवलं की माणसाने समजायचं. मोठ्या डॉक्टरबाईंनी इंग्रजीत सांगितलं. त्यांच्याबरोबर एक तरुण डॉक्टर होता, तो माझ्यासमोर गुडघ्यावर बसला आणि मराठीत म्हणाला, "काका, मेंदूत मोठा रक्तस्राव झालाय. त्या आता परत येणार नाहीत. मशीन उद्या सकाळपर्यंत चालू ठेवू."

मी विचारलं, "तिला दुखलं का?"

"नाही काका. काम करता करताच झालं."

मला बरं वाटावं म्हणून तो तसं म्हणाला असेल. पण मला खरंच बरं वाटलं. काम करता करता, हे तिला शोभलं.

आमची मुलगी रेवा चौदा वर्षांची. ती शाळेच्या गणवेशातच आली. बुधवारी सकाळी उल्का गेली. सत्तेचाळीस वर्षांची होती.

मी लिहायला बसलो आहे ते त्या दोन दिवसांसाठी नाही. तिच्या कामाबद्दल एक गोष्ट लोकांत पसरली होती, ती नीट सांगायची आहे.

उल्का कोल्हापूरची. तिथेच चित्रकला शिकली, मग पुण्यात आणि मुंबईत सिनेमासाठी कॉम्प्युटरवर चित्रं जोडायचं काम केलं. सहा वर्षांपूर्वी तिला डब्लिनमधल्या एका स्टुडिओने बोलावलं. मी तिच्या मागून आलो. माझ्या भावाने तेव्हा विचारलं होतं, "म्हणजे तू बायकोच्या व्हिसावर जाणार?" मी म्हटलं, "हो. तुझ्या बायकोला मिळाला तर तूही जा." इथे आल्यावर मला लिफ्टचं काम महिन्याभरात मिळालं. लिफ्ट सगळीकडे अडकतात.

शेवटचं वर्षभर उल्का एका चिनी युद्धपटावर काम करत होती. नाव 'नववी खिंड'. फार मोठा सिनेमा. बर्फातली एक खिंड एक पलटण अकरा दिवस अडवून धरते, अशी गोष्ट. पण चित्रीकरण झालं मे महिन्यात, एका प्रचंड शेडमध्ये. बर्फ कागदाचा आणि मिठाचा. नट कापसाच्या जाड कोटांत घामाघूम. थंडी दाखवायची तर माणसाच्या तोंडातून वाफ यायला हवी, आणि मेमध्ये ती कुठून येणार? ती वाफ घालायचं काम उल्काच्या स्टुडिओकडे आलं होतं. त्यातले बासष्ट शॉट एकट्या उल्काचे.

वाफ कॉम्प्युटरही करून देतो. उल्काला ती आवडायची नाही. ती म्हणायची, "कॉम्प्युटरच्या लेखी सगळे सारखेच श्वास घेतात. म्हाताऱ्याची वाफ वेगळी, पळणाऱ्याची वेगळी, घाबरलेल्याची वेगळी." म्हणून जानेवारीत दहिवर पडलेल्या सकाळी तिने आमच्या मागच्या बागेत कपड्यांच्या दोरीवर काळी चादर टांगली, बाजूला दिवा लावला, कॅमेरा ठेवला आणि मला चादरीसमोर उभं केलं.

"काय बोलू?" मी विचारलं.

"त्यांची चिनी तुला जमायची नाही. पाढे म्हण."

"कितीचा?"

"एकोणतीसचा. त्यात अडखळशील. मला दमलेला माणूस हवाय."

मी एकोणतीसचा पाढा म्हणत होतो आणि ती कॅमेऱ्यामागून ओरडत होती, "मान वर! तू सेनापती आहेस, लिफ्टवाला नाहीस!" पलीकडच्या मॉरीनबाईंनी भिंतीवरून डोकं काढून विचारलं, "दिलीप, तिने तुला घराबाहेर काढलंय का?" मी म्हटलं, "ग्रँड, मॉरीन, ग्रँड," म्हणजे इथल्या भाषेत सगळं ठीक. त्या म्हणाल्या, "काढलं तर इकडे ये, चहा आहे."

तर त्या सिनेमात सेनापती शेवटच्या रात्री जे भाषण करतो, त्यातली वाफ माझी आहे. एकोणतीस सक चौऱ्याहत्तराशे. तिथे तो भावनेने अडखळतो असं लोकांना वाटतं. उल्का म्हणाली, "बघ, अडखळलास तेव्हाच सर्वांत चांगला आलास."

सिनेमा ऑक्टोबरात लागला. आम्ही तिघं गेलो, मी, रेवा आणि निहारिका. थिएटर तीन चतुर्थांश भरलं होतं, बहुतेक चिनी विद्यार्थी आणि त्यांची इथे आलेली आईवडील मंडळी. रांगेत उभं असताना निहारिका फोनवरून परीक्षणं वाचून दाखवत होती. एकाने लिहिलं होतं, अडीच तास कानठळ्या. दुसऱ्याने लिहिलं होतं, इतका खर्च केला त्यात थोडा लेखकावरही करायचा. एक बाई म्हणत होती की तिने इतकी भव्य लढाई पडद्यावर कधी पाहिली नाही आणि ती दोनदा रडली. चीनमध्ये म्हणे गर्दी मावत नव्हती, पण तिथेही भांडण लागलं होतं. कोणी म्हणत होतं, प्रत्येक मुलाला दाखवावा असा सिनेमा. कोणी म्हणत होतं, आमच्या आजोबांच्या पायात इतके चांगले बूट नव्हते.

मला विचाराल तर सिनेमा लांब आहे. सेनापती फार बोलतो, म्हणजे मीच फार बोलतो. झेंडा सात वेळा येतो. खिंड लढवायची गोष्ट मराठी माणसाला नवी नाही, आणि खिंडीत उभं राहून भाषण करायची खोडही नवी नाही. तोफा इतक्या वाजतात की शेवटी ऐकू येईनाशा होतात.

पण थंडी खरी होती. आमच्या पुढच्या रांगेत एक चिनी आजोबा होते. थिएटरात चांगलं गरम होतं. सैनिक बर्फात पडून राहतात आणि त्यांच्या तोंडातून बारीक वाफ निघत राहते, त्या प्रसंगात आजोबांनी कोटाची चेन गळ्यापर्यंत ओढली आणि हात काखेत घातले. मी रेवाला कोपर मारलं. तिने पाहिलं आणि माझा हात धरला. कुठल्या पेपरने किती तारे दिले ते मला त्यानंतर महत्त्वाचं वाटलं नाही.

शेवटी नावं सुरू झाली. लोक उठून गेले, आम्ही बसून राहिलो. चिनी नावं, मग इतर देशांची, मग आमचा स्टुडिओ. उल्का सबनीस. रेवा खुर्चीवर उभी राहून ओरडली, "दॅट्स माय मॅम!" इथे आईला मॅम म्हणतात. झाडू घेऊन आलेल्या माणसाने टाळ्या वाजवल्या. मी काढलेला फोटो हलला, पण निहारिकाचा नीट आला.

तो मी कोल्हापूरला पाठवला. उल्काच्या आई, लीलावती, त्यांनी तो मोठा करून आणला आणि फ्रेम करून लावला. फोनवर म्हणाल्या, "जावईबापू, हितं सगळ्या गल्लीनं बघितलं. किती बारीक अक्षर हाय, पर हाय."

दिवाळीच्या पुढच्या शनिवारी इथल्या मराठी लोकांचा फराळ होता. एका शाळेचा हॉल घेतला होता. संकेत म्हणून आमचा एक मित्र आहे, सॉफ्टवेअरमधला, मनाने चांगला, पण फोनवर काही हसण्यासारखं आलं की दहा जणांना दाखवल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. तो हातात चकली घेऊन आला.

"दिलीप, बघितलंस का हे? वहिनींच्या सिनेमात मेलेला माणूस श्वास घेतो!"

कोणीतरी त्या सिनेमातल्या चुकांचा व्हिडिओ केला होता. चार लाख लोकांनी पाहिलेला. एक पोरगेला सैनिक बर्फात पडलेला आहे. त्याचा मित्र टोपी काढतो आणि म्हणतो, गेला. परत मुलाचा चेहरा येतो. आणि तोंडातून बारीक वाफ. व्हिडिओवाल्याने तिथे लाल गोल काढला होता. तो म्हणत होता, "या प्रेताला पदक द्या! ड्यूटी संपली तरी कामावर हजर!"

चार-पाच जण हसले. मीही हसलो. मग माझं हसू थांबलं.

निहारिका फराळाच्या टेबलाशी होती. मी जाऊन विचारलं, "तो शॉट कोणाचा?"

"दादा, करंजी घ्या ना."

"निहारिका, कोणाचा?"

तिने बशी खाली ठेवली. "उल्काताईचा. शेवटचा. त्या आठवड्यात तिचं डोकं सारखं दुखत होतं, दादा. ऑफिसात कोणी काही बोलत नाही. सगळ्यांनी समजून घेतलंय."

संकेत मागे उभा होता, त्याला तेव्हा समजलं. त्याचा चेहरा उतरला. "दिलीप, आईशप्पथ, मला माहीत नव्हतं रे," तो म्हणाला. त्याच्यावर मी रागावलो नाही. मला लागलं ते दुसरंच. समजून घेतलंय. म्हणजे चूक तिची आहे हे ठरवून झालं होतं आणि वर तिला माफही करून झालं होतं. मला माफी नको होती.

दोन दिवसांनी कोल्हापूरहून फोन आला.

"जावईबापू, आमच्या बंडूनं कायतरी दाखिवलं फोनवर. मेलेल्या पोराच्या तोंडातनं वाफ येतीया म्हणं. ते आमच्या उल्कीनं केलंय व्हय?"

"बघून सांगतो, आई."

"बघा. शाळेत हुती तवा रांगोळीचा एक ठिपका चुकला तर सगळी रांगोळी पुसायची. दारात तासभर काय नसायचं, पर चुकीचं नसायचं. ती असं करायची न्हाई."

मलाही तसंच वाटत होतं. पण वाटणं हा पुरावा नव्हे. आमच्या धंद्यात लिफ्ट अडकली की पहिला प्रश्न असतो, शेवटचा हात कोणाचा? त्या माणसाचं नाव लॉगबुकात सापडतं आणि सगळे तिथेच थांबतात. पण दुसराही प्रश्न असतो. त्याच्या हातानंतर काय बदललं? तो प्रश्न लॉगबुक वाचणाराच विचारू शकतो.

आणि उल्काचं लॉगबुक होतं. ऑफिसात सगळ्यांची सगळी नोंद कॉम्प्युटरवर असायची, तरी ती एका जाड पुठ्ठ्याच्या वहीत लिहायची, मराठी आकड्यांत. निहारिका तिला चिडवायची, "ताई, किराण्याची यादी झाली का?" ती वही ऑफिसातून आलेल्या खोक्यात असणार होती. खोकं मी फेब्रुवारीतच वरच्या प्रेसमध्ये ठेवलं होतं. इथे कपाटाला प्रेस म्हणतात आणि आता आम्हीही म्हणतो. नऊ महिने मी ते उघडलं नव्हतं.

रविवारी दुपारी मी स्टूल घेऊन प्रेससमोर उभा राहिलो. रेवा सोफ्यावर होती.

"इज इट द बॉक्स?"

"हो."

"शल आय डू इट?"

"दोघं करू."

कॉफीचा मग, हाताला लावायचं क्रीम, राखाडी स्वेटर, चष्म्याची रिकामी केस. रेवाने स्वेटर घेतला आणि लगेच अंगात घातला. तिला थोडाच मोठा होत होता. तळाशी वही. शेवटचं लिहिलेलं पान मी वाचून दाखवलं, कारण रेवाला मराठी समजतं पण भराभर वाचता येत नाही.

"शॉट ११४. मुलगा. एकूण २३० फ्रेम. श्वास पहिला २० ला, दुसरा ७१, तिसरा १२१. चौथा १८८ ला, अर्धाच. २१२ ला संपतो. मग १८ फ्रेम काही नाही. यानंतर मित्राचा शॉट, टोपी काढतो. श्वास माझा घेतला. दिलीपचा जाड होतो."

मी थांबलो. ती वाफ तिची होती हे मला माहीत नव्हतं. मी कामावर गेल्यावर तिने एकटीनेच चादर टांगून घेतली असणार.

रेवा उठून बसली. "वेट. टोपी आफ्टर? सो ही डाइज, अँड देन द हॅट?"

"वहीत तसं आहे."

"पण सिनेमात हॅट आधी आहे. बाबा! दे मूव्ड इट! इट्स नॉट आई!"

"अजून नाही. आधी मोजायचं."

"ओह माय गॉड, बाबा, यू आर सच अ लिफ्ट मॅन."

व्हिडिओवरून मोजता येईना, कारण त्या माणसाने टोपीपासून पुढचंच दाखवलं होतं. थिएटरात 'नववी खिंड'चा शेवटचा आठवडा होता, रोज एकच खेळ, दुपारी दोनचा. बुधवारी अर्धी रजा टाकली. आम्ही ज्याने लिफ्टच्या दारांची उघडझाप मोजतो, ते स्टॉपवॉच खिशात घेतलं. त्याला एक बटण आहे, दर वेळी दाबलं की एक एक वेळ नोंदवून ठेवतं. हॉलमध्ये पाच माणसं होती. एक झोपलेला होता, सेनापतीच्या भाषणाच्या आधीच.

तो प्रसंग दोन तासांनी येतो. माझा अंगठा बटणावर घामाने घसरत होता. चुकलो तर परत रजा मिळणार नव्हती. मुलाचा चेहरा आला, दाबलं. तीन श्वास. मित्र आला, दाबलं. टोपी. परत मुलगा आला, दाबलं. दीड सेकंद काहीच नाही, आणि मग ती अर्धी वाफ. चेहरा गेला, दाबलं. मोजणं महत्त्वाचं होतं म्हणून मी ती वाफ नीट पाहिलीसुद्धा नाही.

बाहेर येऊन जिन्यावर बसलो. मुलाचा पहिला तुकडा सहा पूर्णांक दोन सेकंद. मित्र चार सेकंद. मुलाचा दुसरा तुकडा तीन पूर्णांक चार. मुलाचे दोन तुकडे मिळून नऊ पूर्णांक सहा. उल्काची वही म्हणत होती दोनशे तीस फ्रेम. सिनेमात चोवीस फ्रेमचा एक सेकंद होतो. दोनशे तीस भागिले चोवीस, नऊ पूर्णांक अठ्ठावन्न शतांश.

तिने एक अख्खा शॉट केला होता. त्यात मुलगा चार श्वास घेऊन मरतो. नंतर कोणीतरी तो मधोमध कापला आणि त्या फटीत टोपीवाला मित्र घातला. मित्र म्हणतो गेला, तेव्हा मुलाचा एक श्वास अजून शिल्लक असतो.

रेवा शाळा सुटल्यावर अभ्यासाला तिथेच थांबते, तिला मी तिथल्या तिथे फोन केला. तिने फोनवरच भागाकार तपासला आणि मग इतक्या जोराने किंचाळली की तिच्या वर्गशिक्षिका विचारायला आल्या.

दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन उल्काच्या स्टुडिओत गेलो. तिचे साहेब डेक्लन, कॉर्कचे, पन्नाशीचे, अंत्यविधीला आले होते आणि खूप रडले होते. त्यांनी चहा मागवला. मी वही उघडून आकडे इंग्रजीत सांगितले आणि स्टॉपवॉच टेबलावर ठेवलं.

"दिलीप, तुम्हाला हे सिद्ध करायची गरज नाही," ते म्हणाले. "इथे तिला कोणीही दोष देत नाही."

"मला माहीत आहे," मी म्हटलं. "दोष द्यायचा असेल तर द्या. पण आधी बघा."

त्यांनी कॉम्प्युटरवर नोंदी काढल्या. उल्काचा शॉट ती पडली त्याच्या आधीच्या शुक्रवारी मंजूर झाला होता. पूर्ण, दोनशे तीस फ्रेम. जूनमध्ये चीनमधून नवीन जुळणी, म्हणजे शॉटचा नवा क्रम, आली होती, चाळीस शॉट इकडचे तिकडे झाले होते. सोबत यादी होती. एकशे चौदाच्या पुढे लिहिलं होतं, दोन तुकडे.

डेक्लननी त्या ओळीवर बोट ठेवलं.

"ही यादी मी तपासली," ते म्हणाले. मग म्हणाले, "नाही. ही यादी मी तपासायला हवी होती. तिचं काम बरोबर होतं. आम्ही इतके महिने..." त्यांनी वही मिटून माझ्या हातात दिली. मग म्हणाले, "सोमवारी सकाळी नऊ वाजता येऊ शकाल?"

त्यांच्याकडे रोज सकाळी एका अंधाऱ्या खोलीत सगळे जमतात. आदल्या दिवशी ज्याने जे काम केलं ते मोठ्या पडद्यावर लावतात, सगळे बघतात, चुका काढतात. काम उत्तम झालं असेल तर साहेब एकच शब्द म्हणतात, फायनल. उल्का घरी येऊन बूट काढायच्या आधी सांगायची, आज दोन फायनल, आज एकही नाही.

सोमवारी तिथे वीसेक जण होते. मी मागच्या खुर्चीवर बसलो, शेजारी निहारिका. डेक्लननी व्हिडिओ, नवीन जुळणी, यादी, सगळं उभं राहून सांगितलं आणि चूक माझी असं स्वच्छ सांगितलं. मग म्हणाले, "आता हा शॉट तिने केला तसा बघा."

मुलाचा चेहरा. पहिला श्वास. दुसरा, जरा लांबला. तिसरा. मग इतका वेळ जातो की वाटतं संपलं. आणि चौथा, अर्धा, ओठांपाशीच विरलेला. मग अठरा फ्रेम काही नाही. अठरा फ्रेम म्हणजे पाऊण सेकंद. इतका थोडा वेळ मी आयुष्यात पुष्कळदा मोजला आहे, दारं बंद होताना. त्या दिवशी तो मला फार मोठा वाटला. तो मुलगा गेला हे सांगायला टोपी काढायची गरजच नव्हती. तिने ते आधीच सांगून ठेवलं होतं.

मग डेक्लन म्हणाले, "फायनल."

मी कोल्हापूरला फोन केला.

"आई, तिचं बरोबर होतं. दुसऱ्यांनी नंतर कापलं."

"मग मी काय म्हणत हुते?" त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "आता त्या बंडूला बोलावते."

रेवाने त्या व्हिडिओखाली इंग्रजीत सगळं लिहिलं, फ्रेमच्या आकड्यांसकट. अकरा जणांना आवडलं. एकाने विचारलं, कोणाला फरक पडतो? रेवाने उत्तर दिलं, मला. व्हिडिओ अजून तसाच आहे. आता सहा लाख झाले.

गोष्ट इथे संपायला हवी होती, पण एक काम निघालं. सिनेमा आता घरी बघायला टीव्हीवर येणार आहे. चिनी कंपनीने कळवलं की जुळणी बदलणार नाही, टोपी जिथे आहे तिथेच राहील, पण ती वाफ तुम्ही काढून द्या. डेक्लननी काम निहारिकाला दिलं. ती आमच्या घरी आली.

"दादा, दोन मिनिटांचं काम आहे. पण माझा हात होत नाही. ती तिची वाफ आहे."

मी तिला चहा दिला. विचार करायला मला वेळ लागला नाही. चार लाख लोक हसले होते त्या वाफेला. आता उल्का असती तर चूक कोणाची हे विचारत बसली नसती. रात्रभर बसून तिने ती काढली असती, आणि सकाळी मला म्हणाली असती, चल, पाढे म्हण.

"पहिल्या तीन श्वासांना हात लावायचा नाही," मी म्हटलं.

"नाही लावणार. ते तसेच राहतील."

"मग काढ. मुलगा मेलेला आहे. मेलेला माणूस श्वास घेत नाही. तिला हे तुझ्यामाझ्यापेक्षा जास्त समजत होतं."

निहारिका म्हणाली, "तुम्ही शेजारी बसाल? तिच्या खुर्चीवर?"

मी हो म्हटलं. शुक्रवार ठरला, माझी ड्यूटी संपल्यावर. त्या शुक्रवारी एका ऑफिसची लिफ्ट अडकली आणि मी तिकडे गेलो. दुसरा कोणी गेला असता तरी चाललं असतं. पुढच्या शुक्रवारी मी गाडी स्टुडिओच्या रस्त्यापर्यंत नेली आणि वळवली. निहारिकाने महिनाअखेरीपर्यंत वेळ आहे, एवढंच कळवलं.

तिन्ही श्वास जागच्या जागी आहेत. चौथा अजून काढायचा राहिला आहे.